पाच पॉइंट तीन

(दृश्य: दादर पश्चिम, सकाळचे साडेदहा. अर्धं वर गेलेलं शटर, आत फिरत्या खुर्च्या.)

फुलबाजारातले झेंडूचे ढीग उतरायला लागतात, तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे एका पार्लरचं शटर वर जातं. गणपती दहा दिवसांवर आलेत, वहीत एकही वेळ रिकामी नाही. पहिल्या खुर्चीवर साठीच्या एक काकू बसल्यात. हातात मोबाइल, मोबाइलवर एका नटीचा फोटो.

"असा रंग हवा गं."

रंग करणारी मुलगी फोटो बघते आणि भलतंच विचारते.

"काकू, गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलंत?"

"छे, काही नाही. मेंदी फक्त."

"कुठली मेंदी?"

"काळी."

ही काळी लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचंय.

(दृश्य: शेड कार्ड उघडतं. केसांचे रंगीत झुबके.)

हे शेड कार्ड. काकूंचं बोट 5.3 वर थांबलंय. यातला पहिला आकडा लेव्हलचा, म्हणजे केस किती गडद किंवा किती फिका. 1 म्हणजे काळाकुट्ट, 10 म्हणजे वाळल्या गवतासारखा फिका सोनेरी. आपल्याकडची बहुतेक डोकी 1 ते 3 मध्ये बसतात. टिंबानंतरचा आकडा झाकेचा. बऱ्याच कंपन्यांत 1 म्हणजे राखाडी, ज्याला पार्लरमध्ये ॲश म्हणतात, आणि 3 म्हणजे सोनेरी. 4 ला मात्र कोणी तांबूस म्हणतं, कोणी लाल. म्हणून कंपनी बदलली की मुरलेली माणसंसुद्धा कार्ड नव्याने वाचतात. तर 5.3 म्हणजे सोनेरी झाकेचा हलका तपकिरी.

पण कार्डावरचे हे झुबके पांढऱ्या धाग्यावर रंगवलेले असतात, आणि काकूंचं डोकं काही पांढरा धागा नाही. घर रंगवायला काढलं की पेंटर आधी जुनी भिंत बघतो. गडद निळ्या भिंतीवर पिवळ्याचा हात मारला तर पिवळी भिंत मिळत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. केसांच्या बाबतीत आपण सगळे ते विसरतो.

(दृश्य: वाटी, ब्रश, छोटा वजनकाटा. ट्यूबमधून पांढरट क्रीम पडतं.)

केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे क्यूटिकल. मंगलोरी कौलं कशी एकावर एक चढवलेली असतात, तशी त्याची पापुद्र्यांची रचना. रंग राहतो आतल्या कॉर्टेक्समध्ये. परमनंट रंगातला अमोनिया ही कौलं उचलतो. मग डेव्हलपर आत शिरतो, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. तो एकाच वेळी दोन कामं करतो. केसातलं मूळचं मेलॅनिन, म्हणजे नैसर्गिक रंगद्रव्य, फोडतो, आणि ट्यूबमधून आलेल्या, अजून रंगहीन असलेल्या बारीक रेणूंना जोडून मोठे रंगीत रेणू घडवतो. मोठे झालेले रेणू मग सहजी बाहेर पडत नाहीत. पॅरिसमधल्या युजेन शुएलेर या रसायनशास्त्रज्ञाने 1907 मध्ये केसांचा कृत्रिम रंग विकायला काढला आणि 1909 मध्ये कंपनी काढली. तीच आजची लॉरियल.

डेव्हलपरच्या बाटलीवर 10, 20, 30, 40 व्हॉल्यूम असं लिहिलेलं असतं. 20 व्हॉल्यूम म्हणजे त्या एक लिटर द्रावातून 20 लिटर ऑक्सिजन वायू सुटू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर 6 टक्के पेरॉक्साइड. 10 म्हणजे 3 टक्के, 40 म्हणजे 12. पांढरे केस झाकायला 20 पुरतो, आणि तो केस एक-दोन लेव्हल वर नेतो. आकडा जितका मोठा तितका रंग चांगला, हा समज कुठून आला कोण जाणे.

आणि अमोनिया-फ्री? त्यात बहुधा अमोनियाच्या जागी दुसरा अल्कली असतो. नाकाला झोंबत नाही एवढं खरं. पण रंग परमनंट असेल तर कौलं उचलली जातात आणि पेरॉक्साइडही आत जातो.

(दृश्य: दुसरी खुर्ची. केसांत चांदीच्या कागदाच्या घड्या.)

शेजारच्या खुर्चीवर कॉलेजातली एक मुलगी. तिच्या केसांना आजवर काहीच लागलेलं नाही. असे केस म्हणजे व्हर्जिन हेअर, रंग करणाऱ्याची चैन. तिला हवेत राखाडी झाकेचे हायलाइट. एवढं वर न्यायला रंगाची ट्यूब पुरत नाही, ब्लीच लागतं. याला म्हणतात प्री-लाइटनिंग.

फॉइल उघडून बघितलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, कारण आत राखाडी नसतो, भगवा असतो. काळा केस फिका होताना आधी लाल दिसतो, मग नारिंगी, मग पिवळा, मग केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिका पिवळा. हा खालचा रंग प्रत्येक काळ्या केसात दडलेला असतो, आणि रंग करणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्याच्याशी भांडण्यात जातं. भांडायचं हत्यार म्हणजे रंगचक्र. नारिंगीच्या समोर निळा, पिवळ्याच्या समोर जांभळा. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. म्हणून ब्लीच धुतल्यावर टोनर लागतो. नारिंगीवर निळ्या अंगाचा, पिवळ्यावर जांभळ्या अंगाचा. तिची राखाडी झाक या टोनरमधून येणार. काही आठवड्यांत ती धुऊन जाईल आणि भगवा पुन्हा डोकावेल, हे आत्ताच सांगितलेलं बरं.

जिथे सगळ्या डोक्याला एकच रंग करतात, त्याला ग्लोबल म्हणतात. तिथे नवखा माणूस हमखास मुळापासून सुरुवात करतो. टाळूच्या उबेने मुळांशी रंग लवकर चढतो, आणि तासाभराने मुळं उजळ, टोकं काळपट. या फजितीचं नाव हॉट रूट्स. कोऱ्या केसांवर म्हणून मधला भाग आणि टोकं आधी, मुळं शेवटी.

(दृश्य: काकूंच्या कानामागे कापसाच्या काडीने लावलेला ठिपका.)

आता ती काळी. निखळ मेंदीने केस काळा होत नाही, तांबूस-केशरी होतो. काळा हवा असेल तर वर नीळ चढवावी लागते, नाहीतर पुड्यात पीपीडी असतं, म्हणजे पॅराफिनिलीनडायमीन. बहुतेक परमनंट हेअर डायमध्ये असतं तेच. म्हणजे "मेंदीच फक्त" म्हणणाऱ्या काकू कदाचित वर्षानुवर्षं डायच लावत होत्या. आणि नीळ असेल तर ब्लीच मारल्यावर केस हिरवट होऊ शकतो. ऐन गणपतीत हिरवे केस घेऊन आरतीला कोण उभं राहणार?

पीपीडीची ॲलर्जी कधीही होऊ शकते, वर्षानुवर्षं लावणाऱ्यालासुद्धा. पापण्या सुजतात, टाळूला पाणी सुटतं. हातावर काढलेल्या काळ्या मेंदीत पीपीडी असेल तर ॲलर्जीची सुरुवात तिथूनही होते, आणि एकदा जडली की सहसा जात नाही. म्हणून कानामागे ठिपका आणि 48 तास थांबायचं.

"म्हणजे आज नाही?"

"परवा या, काकू. आणि तेल लावून येऊ नका."

(दृश्य: तिसरा दिवस. तीच खुर्ची.)

कानामागे काही उठलेलं नाही. मागच्या एका बटेवर चाचणी घेऊन झाली. तिला म्हणतात स्ट्रँड टेस्ट. लांबीवर काळा पक्का बसलाय. रंगावर रंग लावून केस उजळत नाही, या धंद्यातला हा पहिला धडा. आज लांबीला हात न लावता फक्त मुळांना 5.3 लावला, तर काळ्या केसांवर लांबूनही दिसणारा सोनेरी पट्टा उमटेल.

मग मुळांनाच 4 ची साधी, झाक नसलेली ट्यूब. अर्ध्याहून जास्त केस पांढरे असले की साधी शेड लागतेच, नुसती झाकेची पांढऱ्यावर विरळ बसते. काट्यावर 40 ग्रॅम रंग, 60 ग्रॅम डेव्हलपर. ही मोजणी डोळ्यांनी करणारेही भेटतात. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा तोच रंग मिळत नाही.

35 मिनिटं. ड्रायरच्या आवाजात कुणीतरी वडापाव मागवतं.

(दृश्य: वही. पेनने लिहिणारा हात.)

वहीत लिहिलं जातं: मुळं 4, 20 व्हॉल्यूम, 35 मिनिटं. लांबी तशीच. काळी मेंदी बंद. दर दीड महिन्याला इंचभर ट्रिम.

"आणि माझा तो पाच पॉइंट तीन?"

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. मुलगी काकूंच्या मानेपर्यंतच्या केसांकडे बघते, बोटांवर मोजते.

"पुढच्या गणपतीला, काकू."

"बाप्पालाच सांगते लवकर यायला."

(दृश्य: बेसिनजवळ वाटी. तळाशी उरलेला रंग.)

ट्यूबमधून पांढरट निघालेलं ते क्रीम आता गडद झालंय. मिसळलेल्या डेव्हलपरने वाटीतही तेच चाललंय, जे केसात चाललं होतं. हे उरलेलं उद्या कामाला येत नाही. मुलगी नळ सोडते.