दिव्यावरचा बाण
(सांगलीतील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, टेबलावरचा हा दिवा ट्रकच्या हेडलाइटसारखा दिसतो, मला ठाऊक आहे. घरी पहिल्यांदा आणला तेव्हा सौ.नेही तेच विचारलं होतं, आणि ट्रक कुठाय म्हणून वर. पण हा जहाजावरून संदेश पाठवायचा दिवा आहे. काचेपुढच्या पट्ट्या बघा. बाजूचा दांडा दाबला की उघडतात, सोडला की स्प्रिंग त्यांना मिटवते. ऐका... खट, खटाक. आत दिवा पेटलेलाच असतो, उघडझाप फक्त पट्ट्यांची. जुन्या बल्बची तार तापायला आणि विझायला वेळ घेते, त्यामुळे बटण दाबत बसलात तर मोर्स लिपीतले डॉट आणि डॅश, म्हणजे आखूड आणि लांब झोत, एकमेकांत मिसळतात.

ही पद्धत ब्रिटिश आरमारात १८६०च्या दशकात फिलिप कोलम या अधिकाऱ्याने रुजवली. पुढे हातात धरायचा आल्डिस दिवा आला. त्यात पट्ट्यांऐवजी आरसा कलतो, आणि वर नेम धरायला बंदुकीसारखी दुर्बीण.

बिनतारी यंत्र आल्यावरही हे दिवे का राहिले? वायरलेसवर बोललात की शत्रू ऐकतो, आणि जहाज कुठे आहे तेही शोधून काढतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धात ताफ्यातली जहाजं वायरलेस बंद ठेवून दिव्यांनी बोलत. पद्धत मोठी शहाणपणाची. हाक मारायची ‘एए एए’, समोरून ‘टी टी टी टी’. मग प्रत्येक शब्द कळला की घेणाऱ्याने एक ‘टी’, म्हणजे एकच लांब डॅश, द्यायचा. तो आला नाही तर शब्द पुन्हा. म्हणजे वेग नेहमी समजून घेणाऱ्याचा. आमच्या घरात अजून ही पद्धत आलेली नाही.

जहाजावर संदेशासाठी फडकवायच्या निशाणांचा संच गोळा करणं दिव्याहून अवघड. आंतरराष्ट्रीय संचात ४० निशाणं: २६ अक्षरांची, १० आकड्यांची, ३ बदली (वर लावलेलं निशाण पुन्हा दाखवायला) आणि १ उत्तराचं. रंग पाचच, लाल, निळा, पिवळा, काळा, पांढरा, कारण लांबून तेवढेच ओळखू येतात. जुनी निशाणं लोकरी कापडाची, त्यांना कसर लागते. मी कडुनिंबाचा पाला ठेवतो. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमचा तळमजला बुडाला. निशाणं वाळवून वाचली, पितळ वाचलं. लाकडी पेट्यांची मखमल मात्र गेली, वास अजून येतो.

मुंबईच्या दारूखान्यात जहाजं तोडतात, तिथे हा दिवा मला किलोच्या भावाने मिळाला. आणि इथे माझी चूक सांगतो. बाजूच्या पितळी पाटीवर काही खुणा अंधुक दिसत होत्या. समईला लावतो तसं चिंच-मीठ लावलं. समाधान झालं नाही, म्हणून भांडी पॉलिश करणाऱ्याकडे नेऊन बफिंग करून आणलं. पाटी सोन्यासारखी झाली. खुणा गेल्या. पुढे एका माहीतगाराने विचारलं, “बाण कुठाय?” ब्रिटिश सरकारी मालावर कावळ्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण ठोकलेला असतो, शेजारी आरमाराचा पॅटर्न नंबर. ते दोन्ही मी पैसे देऊन पुसून घेतलं होतं. आज दिवा खरा आहे हे सांगायला माझ्याकडे फक्त हा दांडा उरलाय. पुढे येऊन बघा, अंगठा टेकतो तेवढ्याच जागी काळा रंग उडालाय. म्हणून लखलखीत पितळ आणि ठळक इंग्रजी सन दिसला की आधी संशय घ्या. नकली मालाची पाटी नेहमी सुवाच्य असते.

आणखी एक. अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्यांची काच उघडू नका, त्यांच्या रंगात रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य असू शकतं. चमक गेली म्हणजे रेडियम गेलं असं नाही. थकतो तो चमकणारा रंग, रेडियम अर्धं व्हायला १६०० वर्षं लागतात.

दिव्यानिशाणांच्या या विद्येचं मुंबईतलं विद्यालय म्हणजे ब्रिटिश काळातल्या नौदलाचं कुलाब्याचं ‘तलवार’ हे किनाऱ्यावरचं ठाणं होतं. १८ फेब्रुवारी १९४६ला नौसैनिकांचा उठाव तिथूनच सुरू झाला. संदेश पाठवायला शिकवलेल्या पोरांनी पहिला मोठा संदेश सरकारलाच दिला.

बरं, आता सभागृहातले दिवे घालवा. पहिल्या रांगेतल्या ताई, ही टॉर्च घ्या. मी सावकाश तीन शब्द पाठवतो, तक्ता तुमच्या हातात आहे. शब्द कळला की एक लांब डॅश द्या. नाही कळला तर काही देऊ नका, मी थांबतो.