लाल सिग्नलनंतरचे दीडशे मीटर

[दृश्य: जुलैची संध्याकाळ, पाऊस. कळवा स्थानकातून सुटणारी भरलेली लोकल.]

निवेदन:

समजा, जुलै महिना आहे. संध्याकाळचे पावणेआठ. एक डाउन, म्हणजे मुंबईहून कल्याणकडे जाणारी, स्लो लोकल कळवा सोडते आणि मुंब्र्याच्या वळणाआधी थांबते. कुणीतरी साखळी ओढली आहे. मागून दुसरी लोकल हळूहळू येते आणि पुढच्या गाडीच्या शेवटच्या डब्यावर आदळते. दारातल्यांचे हात सुटतात, उभे असलेले बसलेल्यांच्या अंगावर जातात, कुणाचा दात पडतो, कुणाचं मनगट मुरगळतं. एकही चाक रुळावरून उतरलेलं नाही. रात्री उशिरा गाड्या पूर्ववत. सकाळच्या पेपरात चार ओळी: लोकलची किरकोळ धडक, मोटरमन निलंबित.

ही घटना आम्ही रचली आहे. पुढे सांगतो ते नियम, यंत्रणा आणि चौकशीची पद्धत मात्र खरी.

[दृश्य: विजेरीच्या उजेडात रूळ, खडी, डब्याखालचं कपलिंग.]

धडकेनंतरच्या पहिल्या तासात दोन घाया असतात. मागे गाड्या खोळंबलेल्या, ठाण्याच्या फलाटांवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मार्ग मोकळा करायची घाई. आणि गाडी हलली की पुरावाही हलतो, म्हणून मोजमापं घ्यायची घाई. ट्रॅफिक (वाहतूक), पी-वे (रूळ), सिग्नल आणि लोको (इंजिन आणि ब्रेक) अशा वेगवेगळ्या खात्यांचे पर्यवेक्षक जागेवर येतात. ब्रेक लागले होते का, रुळावर चाक घसरल्याची खूण आहे का, मागच्या गाडीने नेमकी कुठून टक्कर दिली, पुढच्या गाडीचा शेवटचा लाल दिवा पेटलेला होता का, हे सगळं एका कागदावर येतं. त्याला जॉइंट नोट म्हणतात. सगळ्यांनी सही करायची. ज्याला पटलं नाही, त्याने असहमतीची वेगळी टीप जोडायची. आम्हाला विचाराल तर, आधी ती टीप वाचावी. सिग्नलवाले म्हणतात सिग्नल ठीक होता, लोकोवाले म्हणतात ब्रेक ठीक होते. प्रत्येकाला आपलं खातं सांभाळायचं असतं, आणि त्या ओढाताणीतच खरी माहिती बाहेर पडते.

मोटरमनची श्वासचाचणी होते. त्याचे ड्यूटीचे तास आणि आधीची विश्रांती तपासली जाते, मोबाइलची नोंद मागवली जाते. सिग्नलची रिले रूम, म्हणजे सिग्नल चालवणाऱ्या विजेच्या स्विचांची खोली, बंद करून सील होते. तिथल्या डेटा लॉगरमध्ये कुठला सिग्नल कोणत्या सेकंदाला कुठल्या रंगाचा होता, हे नोंदलेलं असतं. गाडीच्या वेगाची नोंद वेगळी, फलाटावरच्या कॅमेऱ्याची वेळ वेगळी. या घड्याळांमध्ये काही सेकंदांचा फरक निघू शकतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी ३ सेकंदांत २५ मीटर जाते, म्हणजे एका डब्याहून जास्त. म्हणून आधी घड्याळं जुळवायची, मगच कोण खरं बोलतंय ते पाहायचं.

[दृश्य: ‘ए’ अक्षराची पाटी असलेला सिग्नल, लाल.]

आता मुख्य प्रश्न. सिग्नल लाल होता, तर मागची लोकल पुढे गेलीच कशी?

उपनगरी मार्गावर ‘ए’ पाटीचे स्वयंचलित सिग्नल असतात, गाड्यांच्या ये-जा प्रमाणे आपोआप रंग बदलणारे. असा सिग्नल लाल दिसला तर मोटरमनने थांबायचं. दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं. तरीही लालच राहिला, तर गार्डशी, म्हणजे २०२२ पासूनच्या ट्रेन मॅनेजरशी, इशाऱ्यांची देवाणघेवाण करून अतिशय सावधपणे पुढे जायला नियमाची परवानगी आहे. वळण किंवा पावसामुळे पुढचं नीट दिसत नसेल, तर वेग कुठल्याही परिस्थितीत ताशी १० किलोमीटरच्या वर नाही. आणि पुढच्या गाडीपासून किमान १५० मीटर अंतर.

ही सूट नसती तर एका बिघडलेल्या सिग्नलमागे कल्याणपासून मुंबईपर्यंत सगळं अडून बसलं असतं. पण सूट मिळाली, की त्या १५० मीटरांची राखण फक्त माणसाच्या डोळ्यांवर येते. मुंबईच्या लोकलमध्ये एडब्ल्यूएस (ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टीम) ही यंत्रणा आहे. मोटरमनने लाल सिग्नल न थांबता ओलांडला तर ती आपोआप ब्रेक लावते. नियमाने थांबून पुढे निघालेल्या मोटरमनला मात्र पुढची गाडी किती मीटरवर उभी आहे, हे ती सांगत नाही.

[दृश्य: रुळांमधली खडी, तुंबलेलं गटार, प्लास्टिक.]

आता या खडीकडे बघा. दोन रुळांमधून अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं दोन्ही रूळ जोडतात, पलीकडच्या रिलेपर्यंत वीज पोचत नाही, रिले पडतो, म्हणजे तो स्विच सुटतो, आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. रचना अशी, की काहीही बिघडलं तरी सिग्नल लालच व्हावा. तार तुटली, लाल. वीज गेली, लाल. आणि चिखलाने भरलेल्या खडीत पाणी साचलं, की वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते. गाडी नसतानाही लाल.

कागदावर ही सुरक्षित रचना आहे, आणि ती तशीच हवी. पण पावसाळ्यात रोज त्याच सिग्नलला थांबणाऱ्या मोटरमनचा विचार करा. सकाळी लाल, पुढे गाडी नाही. दुपारी लाल, पुढे गाडी नाही. संध्याकाळी तोच सिग्नल पुन्हा लाल, आणि आता तो खरं बोलतोय. लांडगा आला रे आला, फक्त इथे ओरडणारा पोरगा यंत्र आहे.

म्हणून आमच्या कल्पित चौकशीत डेटा लॉगरची फक्त धडकेच्या वेळची नोंद पुरणार नाही. महिनाभराची काढावी लागेल. हा ट्रॅक सर्किट किती वेळा फेल झाला, दर वेळी बिघाडाचा लेखी मेमो गेला का, गटार साफ करायचं काम कुणाच्या वहीत अडकलं. शिवाय तीच गाडी, तोच मार्ग, तशीच अंधारी वेळ घेऊन केबिनमधून पाहावं लागेल: वळणावर उभ्या गाडीचा शेवटचा दिवा किती मीटरवरून दिसतो? काचेवर वायपर फिरत असताना?

[दृश्य: कायद्याचं पुस्तक, मग कार्यालयाचा लांब व्हरांडा.]

१९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम ११३ सांगतं, की प्रवासी गाडीची टक्कर झाली की कुणाला खरचटलं नसलं तरी जिल्हा दंडाधिकारी, पोलीस, राज्य सरकार आणि रेल्वे सुरक्षा आयुक्त यांना कळवायचं. पण आयुक्तांची चौकशी कलम ११४ प्रमाणे सक्तीची होते ती मृत्यू, कायमचं अपंगत्व आणणारी इजा किंवा मालमत्तेचं मोठं नुकसान झालं तरच. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत. ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत, आणि तो वेगळेपणा जपायलाच हवा. लहान धडकेत, आयुक्तांना स्वतःहून गरज वाटली नाही, तर रेल्वेचेच अधिकारी रेल्वेची चौकशी करतात.

त्यांच्या अहवालात जबाबदारीचे रकाने असतात: प्राथमिक, दुय्यम, ठपकापात्र. रकान्यात नाव आणि हुद्दा लागतो. तुंबलेल्या गटाराला हुद्दा नाही. मग मोटरमनचं नाव सगळ्यात सहज बसतं. आणि हा अहवाल सहसा प्रवाशांपर्यंत येत नाही.

१५ एप्रिल २०२२ च्या रात्री माटुंग्याजवळ गदग एक्सप्रेसने पुदुच्चेरी एक्सप्रेसला धडक दिली. ३ डबे घसरले आणि जीवितहानी झाली नाही. अशा धडकेनंतर दोन्ही गाड्यांचे चालक आणि गार्ड बोलायला हयात असतात, यंत्रंही शाबूत असतात. मोठ्या अपघातात चौकशी अधिकाऱ्याला हे अनेकदा मिळत नाही.

[दृश्य: वर्तमानपत्रातली छोटी जाहीर सूचना.]

आयुक्तांची चौकशी लागली तर वर्तमानपत्रात अशी सूचना येते: माहिती असणाऱ्यांनी अमुक दिवशी, अमुक ठिकाणी हजर राहावं. सराफाच्या जाहिरातीखाली ती कोण वाचणार, हा भाग वेगळा. गाडीत असलेला कुणीही प्रवासी तिथे जाऊ शकतो. त्याला तांत्रिक काही सांगायचं नसतं. आपण कितव्या डब्यात होतो, गाडी आधी किती वेळ थांबली होती, आणि आधी ब्रेक जाणवला की आधी धक्का, एवढं आठवलं तरी मोटरमनचा जबाब पडताळता येतो.