सलगमचं झाड

नमस्कार श्रोतेहो.

मार्क ट्वेन म्हटलं की आपल्याला कुंपण आठवतं. टॉम सॉयर, मावशीनं सांगितलेलं रंगकाम, आणि ते काम पोरांच्या गळ्यात मारून वर त्यांच्याकडूनच वस्तू उकळणं. आज ते कुंपण राहू द्या. मला बोलायचंय त्याच्या किरकोळ लिखाणाबद्दल. किरकोळ म्हणजे मासिकांत आलेले चार-सहा पानी लेख, पुस्तकाच्या शेपटाला लावलेली परिशिष्टं, प्रवासातली टिपणं. पुन्हा सांगतो, कादंबऱ्या नव्हेत, किरकोळ लिखाण.

माणूस मूळचा सॅम्युएल क्लेमेन्स. जन्म १८३५चा, मिसुरी राज्यातला. आधी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, मग मिसिसिपी नदीत आगबोट हाकली, मग बातमीदारी. ‘मार्क ट्वेन’ ही बोटीवरची आरोळी: पाणी दोन वाव! म्हणजे १२ फूट, बोट जाऊ द्या. वाव म्हणजे काय ते किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना मी शिकवायला नको. आणि जाता जाता एक. सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्राखाली त्याच्या नावानं जे सुविचार येतात ना, त्यातले बरेचसे त्याचे नाहीतच. सुविचार लिहिण्याइतका तो सज्जन नव्हता.

तर १८७० साली त्यानं एक लेख लिहिला. शेतीविषयक पत्राचं संपादन मी कसं केलं, असा त्याचा विषय. हा लेख मी इतक्यांदा वाचून दाखवलाय की घरचे आता उठून जातात. तुम्हाला तेवढी सोय नाही. म्हणजे आहे, पण बटण फिरवू नका.

होतं असं. एका शेतीपत्राचे संपादक रजेवर जातात आणि खुर्ची याच्याकडे येते. शेतीतलं याला ओ की ठो कळत नाही. आठवडाभर झटून हा अंक काढतो. संध्याकाळी बाहेर पडतो तर जिन्याखाली माणसं जमलेली. ती बाजूला होऊन वाट देतात, ‘हाच तो!’ म्हणून कुजबुजतात. याला वाटतं, आलो नावारूपाला! दुसऱ्या दिवशी कचेरीचं दार उघडतो तर आत खेड्यातले दोन तरुण. याला बघताच दोघांचे चेहरे पांढरेफटक, आणि दोघेही काचेसकट खिडकीतून बाहेर.

अर्ध्या तासानं एक म्हातारे गृहस्थ येतात. लांब दाढी, चेहरा करडा. टोपी काढून जमिनीवर ठेवतात, टोपीतून लाल रेशमी रुमाल काढतात आणि रुमालापाठोपाठ आपल्या पत्राचा अंक. सावकाश चष्मा पुसतात. नवे संपादक तुम्हीच का? हो. याआधी शेतीचं पत्र चालवलंय? नाही. शेती केलीय कधी? तसं काही आठवत नाही. मलाही तसंच वाटलं, असं म्हणून म्हातारबुवा अंक उघडतात आणि मोठ्यानं वाचतात: सलगम कधीही उपटू नयेत, त्यांना इजा होते. त्यापेक्षा एखादं पोरगं वर चढवावं आणि झाड हलवायला सांगावं.

सलगम, श्रोतेहो. सलगम! मुळ्याचा गुबगुबीत भाऊ. जमिनीत वाढतो.

आता खरी मौज बघा. संपादक लाजत नाही. उलट म्हणतो, चांगलंच लिहिलंय की, शहाणपणाचं आहे. एकट्या या तालुक्यात दरवर्षी लाखो पोती सलगम अर्धेकच्चे उपटून वाया जातात. तेच एखादं पोरगं वर चढवलं असतं तर... म्हातारा ओरडतो, सलगम झाडाला लागत नाहीत! हा म्हणतो, लागतात असं म्हणालं कोण? ती अलंकारिक भाषा आहे. ज्याला थोडंफार कळतं तो समजेल, पोरानं वेल हलवायचा.

वेल!

म्हातारा अंकाच्या चिंध्या करतो, त्यावर नाचतो, काठीनं दिसेल ते फोडतो, गाईला जास्त अक्कल असते असं सुनावून दार आपटून निघून जातो. आणि आपल्या संपादकाला एवढंच जाणवतं, की यांचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

मग एक हाडकुळा इसम चवड्यावर आत येतो. आठवड्याची दाढी वाढलेली. कानोसा घेऊन दाराला किल्ली लावतो. म्हणतो, हे तुम्ही लिहिलंत? वाचा, माझ्यासाठी वाचा, लवकर! हा वाचतो. ग्वानो हा सुंदर पक्षी आहे, पण तो जपून पाळावा लागतो. ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, बरं का. पुढे, भोपळा नावाचं बोर. पुढे, उन्हाळा जवळ आला की नर हंस अंडी घालू लागतात... ऐकता ऐकता त्या इसमाचा चेहरा निवळतो. तो याचा हात हातात घेतो. म्हणतो, सकाळी हे वाचलं आणि वाटलं, मला वेड लागलं. मग म्हटलं वेड लागलंच आहे तर सुरुवात करावी. घर पेटवलं, काहींचे हातपाय मोडले, एकाला झाडावर चढवून ठेवलाय. पण तुम्हीही अगदी तेच वाचलंत. म्हणजे मी शहाणा आहे! आणि आनंदानं निघून जातो.

शेवटी खरे संपादक रजेवरून परततात. डोक्याला हात. गाणं ऐकवलं की तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, शांत पडून राहतात असं का लिहिलंस बाबा? तिसऱ्या शांतच असतात! तेव्हा हा उसळून म्हणतो, १४ वर्षं या धंद्यात आहे. संपादकाला काही माहीत असावं लागतं, हे आज पहिल्यांदा ऐकतोय.

माझे एक मामा पक्के बागायतदार. त्यांना हा लेख वाचून दाखवला. शेवटपर्यंत हसले नाहीत. म्हणाले, “झाडाचे सलगम? जात कुठली म्हणाला?”

मामांकडून ट्वेनला याहून मोठी दाद मिळाली नसती. विनोद सांगणाऱ्यानं गंभीर राहावं, यात काही गमतीचं आहे असा त्याला संशयसुद्धा नसावा, असं त्यानं १८९५ साली लिहून ठेवलंय. आजकाल सांगणाराच आधी हसतो, आणि टीव्हीवर तर हसायलाही दुसरी माणसं ठेवतात. असो.

गंमत म्हणजे सलगम त्याची पाठ सोडत नाही. १८८०च्या त्याच्या युरोपच्या प्रवासवर्णनाला जर्मन भाषेवर एक परिशिष्ट आहे. त्यात तो कळवळून म्हणतो, या भाषेत मुलगी नपुंसकलिंगी आणि सलगम मात्र स्त्रीलिंगी! सलगमबद्दल केवढा हा आदर! मालवणी श्रोते आता हसत असतील. कारण आपल्याकडेही मुलीला नपुंसकलिंगी ‘ता चेडू’ म्हणतात, आणि गोव्यात कोंकणीत तरण्या मुलीला ‘तें’च म्हणतात. ट्वेन उगाच जर्मनांवर चिडला.

आदाम आणि हव्वा यांच्या त्यानं लिहिलेल्या डायऱ्यांबद्दल बोलायचं होतं, पण घड्याळ समोर आहे. एवढंच सांगतो, लहान आहेत, दोन्ही वाचा, आधी आदामची, मग हव्वाची. त्याचे हक्क केव्हाच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर जवळजवळ सगळं फुकट मिळतं. आणि मोठ्यानं वाचा. पुन्हा सांगतो, मोठ्यानं.

आणि मुंबईकरांसाठी एक. जानेवारी १८९६मध्ये तो मुंबईत होता. प्रकाशनाचा धंदा बुडालेला, आणि खिळे आपोआप जुळवणाऱ्या यंत्रात पैसा घालून बसलेला. एकेकाळचा खिळे जुळवणारा, यंत्रानं बुडवला! ते कर्ज फेडायला जगभर व्याख्यानं देत फिरत होता. पुढे पै न पै फेडलं. उतरला होता वॉटसन हॉटेलात, काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या पुस्तकात त्यानं तिथले कावळे लिहिलेत. हा बाल्कनीच्या एका टोकाला बसे, कावळे दुसऱ्या टोकाच्या कठड्यावर. मग सरकत सरकत जवळ येत आणि त्याच्यावर चर्चा करत. याचे कपडे बघा, केस बघा. हा करतो काय, आला कशाला, आणि इतकी वर्षं फाशी चुकवली कशी यानं?

वेळ संपली. नमस्कार.