पीतबिंदूचा ऱ्हास : वारसा किती, आपल्या हाती किती

‘आईची नजर गेली, मग माझीही जाणार का?’ हा प्रश्न मला रुग्णापेक्षा रुग्णासोबत आलेली मुलेच अधिक वेळा विचारतात, म्हणून आज तेथूनच सुरुवात करतो.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध पीतबिंदू नावाची जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटरची जागा असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही कामे तिच्याच बळावर होतात. उतारवयात काहींच्या या जागेखाली ड्रुसेन नावाचे पिवळसर साठे जमू लागतात. पुढे काहींच्या पेशी हळूहळू विरतात, तर काहींच्या पडद्याखाली नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटून त्यांतून द्रव किंवा रक्त पाझरते. (मोतीबिंदूशी याचे साम्य नावातल्या ‘बिंदू’पुरतेच आहे.)

२००५ साली अनेक संशोधकगटांना पहिल्या गुणसूत्रावरील सीएफएच या जनुकात या विकाराशी जोडलेला एक फरक आढळला. त्यांतल्या एका अभ्यासात अवघे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसे होती. एवढ्या थोड्या माणसांत धागा हाती लागला याचे मला आजही नवल वाटते, पण त्या फरकाचा परिणामच तितका ठळक होता. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगते, ते रोगप्रतिकारशक्तीच्या एका शाखेला आवर घालते. त्याच्या साखळीत ४०२व्या स्थानी टायरोसिन या अमिनो आम्लाऐवजी हिस्टिडिन हे दुसरे अमिनो आम्ल आले की तो आवर सैल पडतो आणि पडद्याखाली दाह धुमसत राहतो, असे मानले जाते. दहाव्या गुणसूत्रावरचा एक भागही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि २०१६पर्यंत अशा ३४ जागा नोंदल्या गेल्या.

तरीही जनुकचाचणी सरसकट करून घ्या, असे मी सांगत नाही. धोका कित्येक पटींनी वाढला तरी ज्यांच्याकडे हा वारसा आहे त्यांतल्या अनेकांची नजर शाबूत राहते. शिवाय अहवाल काहीही आला तरी सल्ला बदलत नाही. आई-वडिलांना हा विकार असेल, तर पन्नाशीनंतर बाहुली मोठी करून पडदा नियमित तपासून घ्यावा आणि सिगारेट-बिडी पूर्ण सोडावी, कारण वारशाखेरीज ज्या गोष्टींनी धोका वाढतो, त्यांत आपल्या हातातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. मेथी-पालक आणि मासे ताटात असावेत. गोळ्यांबाबत मात्र सावध राहा : २००१च्या अमेरिकी चाचणीत जीवनसत्त्वे व जस्ताच्या ठरावीक मात्रेने विकार बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला, पण तो मध्यम टप्प्यातील रुग्णांत. निरोगी मुलांनी त्या घेण्याला आधार नाही. त्यातले बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांना घातक ठरू शकते, म्हणून पुढे त्याजागी ल्युटिन आणि झियाझँथिन ही वनस्पतींतली पिवळी रंगद्रव्ये आली.

आणि रोज एक डोळा झाकून दुसऱ्याने चौकटींचा कागद, नाहीतर दाराची चौकटच पाहावी. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याचे उणे झाकून घेतो; सरळ रेष वाकडी दिसू लागली, तर त्याच आठवड्यात दाखवावे, कारण पाझरणाऱ्या प्रकारावरची डोळ्यातली इंजेक्शने व्रण धरण्यापूर्वीच खरी उपयोगी पडतात.