जो डाव आपल्या अंगात नाही

(कराटे, ज्युदो आणि मर्दानी खेळ शिकवणाऱ्यांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘स्वसंरक्षण प्रशिक्षकाची नीती’ असा छापलाय. मला त्यातलं एकच बोलायचंय. जो डाव आपण स्वतः नीट शिकलो नाही, तो दुसऱ्याच्या लेकीला शिकवायचा आपल्याला अधिकार आहे का? माझ्या मते नाही. शरीर, कायदा आणि विश्वास अशा तीन मुद्द्यांत मी ते मांडणार आहे. अर्धा तास दिलाय, पुरेल.

वस्तादाची गोष्ट या सभागृहात कुणाला सांगायला नको. पठ्ठ्याला सगळे डाव दिले, एक राखून ठेवला आणि पठ्ठ्या उलटला तेव्हा तोच कामाला आला. लोक ती वस्तादाच्या धूर्तपणाची गोष्ट म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच दिसतं. आपल्याजवळ किती डाव आहेत, हे त्या वस्तादाला पक्कं ठाऊक होतं. आज आपल्यातल्या अनेकांना नेमकं तेच ठाऊक नाही.

२०१२च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडलं, त्यानंतर शाळा, कॉलेजं, कंपन्या, महिला मंडळं, सगळ्यांना स्वसंरक्षणाचं शिबिर हवं झालं. ती गरज तेव्हाही खरी होती, आजही आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. चांगली गोष्ट आहे. पण इतके शिकवणारे एकदम कुठून येणार? ज्याच्या कमरेला बेल्ट होता तो उभा राहिला. आयुष्यभर काता (एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली) आणि पॉइंट फाइट (गुणांसाठीची लढत) केलेला माणूस गळा आवळणारा, चाकूवाला, बसमधला, सगळ्यांवर उपाय सांगू लागला.

एका शाळेत मला ८ मार्चला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मैदानावर मांडव, आठवी-नववीच्या मुली रांगेत. प्रशिक्षक तिशीतला, तब्येतीनं उत्तम. किक इतकी सुरेख मारायचा की तेवढंच शिकवून थांबला असता, तर मी टाळ्या वाजवून घरी आले असते. मग त्यानं पिशवीतून रबरी चाकू काढला. जोडीदार हात सरळ पुढे करून एकदा भोसकायचा आणि हात तसाच ठेवून थांबायचा. हा मनगट धरून पिरगाळायचा, चाकू खाली. पालकांच्या शिट्ट्या. मग मुलींच्या जोड्या लावल्या आणि दहा मिनिटांत माइकवरून जाहीर झालं, “आता चाकूवाल्याला घाबरायचं नाही. पळायचं नाही!”

चहाच्या वेळी मी त्याला विचारलं, हे कुणाकडे शिकलात? तो मोकळेपणानं म्हणाला, “मॅडम, व्हिडिओ बघून बसवलं. शाळेनंच चाकू मागितला होता.” मला अजून संताप येतो तो या शेवटच्या वाक्याचा. शाळा मागणारच. तिला यातलं कळत नाही म्हणून तर ती आपल्याला बोलावते. ‘हे मला येत नाही’ असं म्हणायची जबाबदारी आपल्या बाजूची आहे.

चाकूचं मी माझ्या मोठ्या विद्यार्थ्यांना एवढंच दाखवते. एकाच्या अंगात जुना पांढरा शर्ट, दुसऱ्याच्या हातात लाल मार्कर. मार्करवाल्याला सांगायचं, थांबू नकोस, हात मागे खेच, पुन्हा मार. थोड्या वेळानं शर्ट बघायचा. ब्लॅक बेल्टवाल्याचा शर्टसुद्धा लाल झालेला असतो. पर्स टाका, अंतर वाढवा, पळा, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही. बरं, हात वर करा: व्हिडिओवरून डाव बसवून कुणी वर्गात दिलाय? रेकॉर्डिंग फक्त आवाजाचं चाललंय, हात दिसणार नाहीत. हां, आता आले!

तुम्ही म्हणाल, मॅटवर तर धोका नाही ना. म्हणून जपानचं सांगते. ज्युदो तिथला, १८८२ साली जिगोरो कानो यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तिथला. त्याच देशात १९८३ ते २०११ या काळात शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. एका संशोधकानं नोंदी चाळून आकडा बाहेर काढला तेव्हा देशाला कळलं. मोठा वाटा डोक्याच्या दुखापतींचा, आणि त्यात नवखी मुलं फार. उकेमी, म्हणजे पडायचं कसं, हे अंगवळणी पडायच्या आत ओसोतोगारीसारखी मागे आपटणारी फेक. डोकं मॅटला लागायलाच हवं असंही नाही. मान जोरात झटकली की मेंदूवरच्या बारीक शिरा तुटून आत रक्तस्राव होऊ शकतो. मूल उठतं, ‘डोकं दुखतंय’ म्हणतं, आणि न कळणारा शिक्षक त्याला पुन्हा मॅटवर उभं करतो.

२०१२पासून तिथल्या माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युदोसारख्या जपानी युद्धकला, सक्तीचं झालं, तेव्हा ज्युदो न केलेल्या पीटीच्या शिक्षकांना छोट्या अभ्यासवर्गांवर वर्गात उभं करण्याची वेळ आली, आणि मुलं गमावलेले आईवडील त्याविरुद्ध बोलले. फ्रान्सनं मात्र १९५५ सालीच कायदा करून ज्युदो शिकवण्याच्या व्यवसायावर नियम घातले. तिथे परवान्याशिवाय ज्युदोचा शिक्षक होता येत नव्हतं त्या काळापासून आजवर आपल्याकडे शटर उघडून बोर्ड लावला की क्लास सुरू.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. शरीर एवढंच झालं, उरलेले दोन मुद्दे धावत घेते.

कायदा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४मध्ये आहे. ‘काहीही करा, केस होत नाही’ असं वर्गात सांगणारे ३७ वाचत नाहीत: बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. ‘हात उचललात तर तुम्हीच आत जाल’ असं सांगणारे ३८ वाचत नाहीत: बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचतो. एखाद्या वकील ताईंना एक तास बोलवा. आपण आपल्या मनचं सांगू नका.

विश्वास, हा सगळ्यात मोठा आणि मी शेवटी ठेवला. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. आपण मात्र गल्लीतल्या अनोळखी माणसावर डाव बसवतो. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींसाठी बारा तासांचा कार्यक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के, न घेतलेल्यांत ९.८. हाणामारी त्याचा एक भाग होती. ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका हेरणं आणि त्याला ठाम नकार देणं, यावरही मोठा भर होता. शिकवणाऱ्यांना त्यासाठी खास तयार केलं होतं.

आणि गोठून जाणं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर दवाखान्यात आलेल्या जवळपास तीनशे स्त्रियांच्या अभ्यासात ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर ताठरून हलताच न आल्याचं सांगितलं. ‘लढलीस तर वाचशील’ असं आपण माइकवर ओरडतो तेव्हा रांगेत अशी एखादी मुलगी उभी असते. ती सत्र संपल्यावर आपल्याजवळ येऊन बोलली, तर? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम १९प्रमाणे ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१खाली गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा पोलीस. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, खोदून चौकशी करायची नाही, तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे. यातलं किती आपल्याला बेल्टच्या परीक्षेत विचारलं होतं?

म्हणून माझा हट्ट: क्लासच्या दारावर आपण काय शिकवतो याचा बोर्ड असतो, शेजारी दुसरा लावा, ‘इथे काय शिकवलं जात नाही’. माझ्या बोर्डवर चाकू हिसकावणं नाही, लाठी नाही, कायद्याचा सल्ला नाही असं लिहिलंय, आणि लाठीसाठी कोणत्या तालमीत जायचं तेही. मागच्या टेबलावर कोरे कागद आहेत. चहाला जाण्याआधी आपापली यादी लिहा आणि सोबत घेऊन जा. पुढच्या वक्त्यांची दहा मिनिटं मी खाल्ली, त्यांची माफी मागते.