नोकरी गेली, पण कोणत्या कागदावर?

(नागपुरात कामगार आणि आयटी कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'काढून टाकणं आणि कपात यांतला फरक' हा विषय फलकावर लिहिलाच आहे: काढून टाकणं तुमच्या वर्तनामुळे, कपात कंपनीच्या कारणामुळे. त्याकडे मी येतोच, पण आधी एका कागदाबद्दल बोलू द्या. हा फरक त्याच कागदावर पुसला जातो. तो कागद म्हणजे राजीनामा.

आपल्या औद्योगिक भागांत हिंगणा घ्या, बुटीबोरी घ्या, नाहीतर आयटी कंपन्यांचं मिहान घ्या, पद्धत ठरलेली आहे. ऑर्डरी घटतात, नाहीतर प्रोजेक्ट संपतो. मग एचआरचं बोलावणं येतं आणि टेबलावर टाईप केलेलं पत्र तयार असतं: 'वैयक्तिक कारणामुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे.' वर समजावणी, "सही करा, रेकॉर्ड स्वच्छ राहील, अनुभव प्रमाणपत्र चांगलं देऊ. नाही केली तर टर्मिनेशन लावावं लागेल." आता मला सांगा, एका खात्यातल्या सगळ्यांची वैयक्तिक कारणं एकाच दिवशी, एकाच फॉन्टमध्ये कशी निघतात? हसताय, हसा. पण त्या सहीची किंमत आता मांडू या.

समजा महिना 24,000 रुपये पगार आणि 7 वर्षं 8 महिने नोकरी. कपात झाली, तर सेवेच्या प्रत्येक वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे 8 वर्षं. 12,000 गुणिले 8, झाले 96,000. एक महिन्याची नोटीस दिली नसेल तर तिचे 24,000. शिवाय नव्या औद्योगिक संबंध संहितेत, म्हणजे नव्या कामगार कायद्यात, कपात झालेल्याला नवं काम शिकता यावं म्हणून ठेवलेल्या पुनर्कौशल्य निधीतून 15 दिवसांचा पगार, 12,000, कपातीनंतर 45 दिवसांच्या आत खात्यात यायला हवा. बेरीज 1,32,000. ग्रॅच्युइटी वेगळी: 24,000 गुणिले 15 भागिले 26 गुणिले 8, साधारण 1,10,769. राजीनाम्यावर सही केली की ग्रॅच्युइटी राहते, पाच वर्षं भरलेली असल्यामुळे. 1,32,000 मात्र जातात. एका सहीत!

थोडं विषयांतर करतो. या शहरात जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्या चालू होत्या तोवर कामगाराच्या मागे युनियन होती, सहीआधी कागद वाचून दाखवणारा कोणीतरी होता. आज मिहानमधली मुलगी त्या खोलीत एकटी बसते, समोर तिघं. म्हणून तिला एवढं वाक्य पाठ असू द्या: "मला हे ईमेलवर द्या, मी वाचून उत्तर देते." जागेवर सही करायला लावणारा कुठलाही नियम नाही.

सही होऊन गेली असेल तर? त्याच दिवशी स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवरून आणि स्पीड पोस्टाने कळवा: 'राजीनामा दबावाखाली घेतला, मी तो मागे घेत आहे.' मंजूर होऊन अंमलात येण्याआधी राजीनामा साधारणपणे मागे घेता येतो. गोची होते ती उशिरामुळे. माणूस तीन महिने दुसरी नोकरी शोधतो, मग तक्रार करतो, आणि पहिला प्रश्न येतो की इतके दिवस गप्प का होतात?

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. मूळ विषय भराभर सांगतो.

काढून टाकणं, म्हणजे बडतर्फी, यात कारण तुमचं वर्तन असतं. आरोपपत्र, तुमचं लेखी उत्तर, चौकशी अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, अहवालाची प्रत, मग आदेश, असा क्रम लागतो. चौकशीपुरतं निलंबन असेल तर पहिले 90 दिवस निर्वाह भत्ता म्हणून अर्धा पगार, आणि उशीर तुमच्यामुळे नसेल तर पुढे पगाराच्या 75 टक्के. बडतर्फ झालं की ग्रॅच्युइटी बुडालीच, असं नाही. नुकसान केलं असेल तर तेवढीच रक्कम कापतात. पूर्ण किंवा अंशतः जप्ती हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी. त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेलीच असायला हवी असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये नागपूरच्याच वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या प्रकरणात सांगितलं. तेव्हा आरोपपत्राला उत्तर देणं टाळू नका.

कपातीत कारण कंपनीचं असतं, तुमची चूक नसते. त्याच प्रकारच्या कामगारांतला शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडला तर कारण नोंदवावं लागतं. वर्षभरात पुन्हा भरती झाली तर कपात झालेल्यांना प्राधान्य. कारखाना, खाण किंवा मळ्यात 300 किंवा अधिक कामगार असतील तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. आणि कायद्यातला ले-ऑफ तात्पुरता असतो: नाव हजेरीपटावर राहतं, 50 किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याचा अर्धा मिळतो. कंपन्या आज ज्याला ले-ऑफ म्हणतात, ती बहुतेक वेळा कपातच असते, म्हणून हक्कही कपातीचे मागा.

हे हक्क 'कामगार' व्याख्येत बसणाऱ्यांचे आहेत. महिना 18,000 रुपयांवर पगार असलेला पर्यवेक्षक त्यात येत नाही. प्रत्यक्ष काम काय होतं ते पाहतात, पदाच्या नावावर मॅनेजर लिहिलं म्हणून हक्क आपोआप जात नाही. आयटीतल्या लोकांनी रोजच्या कामाच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

शेवटचं. राजीनामा असो, बडतर्फी असो की कपात, थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. नाही मिळालं, तर नेमणूकपत्र, वेतनपावत्या आणि तो आदेश किंवा ईमेल घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात जा. काढल्याबद्दलचा वाद समेट अधिकाऱ्यापुढे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे, न्यायचा असेल तर 2 वर्षांच्या आत न्या.