आधी प्रोब, मग बटणं

सोलापुरात सकाळी कुठल्याही सोनोग्राफी सेंटरला जा, बाहेर बाकड्यावर अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याकडनं आलेली माणसं बाटलीनं पाणी पीत बसलेली दिसतात, आणि मधनंच कुणीतरी आत डोकावून विचारतंय, "मॅडम, लागली आता, घ्या की आत." आत एसी, थोडा अंधार, आणि मशीनच्या अंगाला होल्डरमध्ये अडकवलेले तीन-चार प्रोब, म्हणजे पोटावर फिरवतात ती हातात धरायची उपकरणं. सगळ्यांचं लक्ष स्क्रीनकडं जातं. आपण आज प्रोबकडं बघायचंय, कारण चित्र कसं येणार हे बरंचसं तिथंच ठरतं.

प्रोब म्हणजेच ट्रान्सड्यूसर. त्याच्या तोंडाशी पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टलची रांग असते, करंट दिला की ते थरथरून आवाज सोडतात आणि तोच आवाज आतून आदळून परत आला की त्याचा पुन्हा करंट करतात. क्रिस्टलचा हा गुण पिएर आणि जाक या क्युरी भावांनी १८८० मध्ये दाखवला. माणसाच्या कानाला २० हजार हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, इथला आवाज साधारण २ ते १५ मेगाहर्ट्झचा. मशीन धरून चालतं की शरीरात तो सेकंदाला १५४० मीटर जातो, म्हणजे १ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायला १३ मायक्रोसेकंद, आणि त्या वेळावरनं कुठला ठिपका किती खोल हे मांडतं.

आता खरी गोष्ट. फ्रिक्वेन्सी जास्त घेतली तर चित्र बारीक, स्पष्ट येतं, पण आवाज खोल जात नाही. कमी घेतली तर खोल जातो पण बारकावा जातो. गड्ड्याच्या जत्रेत लांबनं ढोलाचा दणका ऐकू येतो पण सनईचे सूर तिथंच राहतात, तसंच हे. दोन्ही एकाच प्रोबमध्ये मिळत नाही, म्हणून निवडावं लागतं.

पूर्व भागातले एक मामा आलेत, आयुष्य पावरलूमवर गेलेलं, कालपासनं कंबरेच्या उजव्या बाजूनं कळ येतीय. किडनी खोल, म्हणून डॉक्टर कर्व्हिलिनियर उचलतात, बाकदार तोंडाचा, २ ते ५ मेगाहर्ट्झचा. भरपूर जेल, कारण कातडी आणि प्रोबमध्ये हवा राहिली तर जवळपास सगळाच आवाज तिथनंच परत फिरतो. प्रोबच्या एका बाजूला बारकी खाच असते, ती मामांच्या डोक्याकडं. "मामा, मोठा श्वास घ्या… धरून ठेवा… हां, सोडा." स्क्रीनवर किडनीच्या मधोमध एक पांढराशुभ्र ठिपका आणि त्याच्यामागं काळी पट्टी. मुतखडा.

असं पांढरं दिसतं ते हायपरएकोइक. आजूबाजूपेक्षा काळपट ते हायपोएकोइक, आणि लघवी, पित्त, साध्या सिस्टमधलं, म्हणजे पाण्यानं भरलेल्या गाठीतलं, पाणी असं एकदम काळं दिसतं ते अॅनएकोइक. खड्यामागची काळी पट्टी म्हणजे शॅडो, खडा आवाज पुढं जाऊच देत नाही. पाण्याच्या सिस्टमागं बरोब्बर उलटं, तिथला भाग जास्त उजळतो, त्याला एनहान्समेंट म्हणतात. रिपोर्ट हातात पडल्यावर हे शब्द वाचून लोक उगाच घाबरतात, पण हायपोएकोइक हे आजाराचं नाव नाही, फक्त किती काळं दिसलं ते सांगितलंय. त्याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारा.

पुढच्या ताईंच्या गळ्याला गाठ आहे. थायरॉइड कातडीखालीच, म्हणून आता लिनियर, सपाट तोंडाचा, ७ ते १२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. शिरा, स्तन, सांधे, स्नायू, सगळं ह्याच्यावरच. बारीक अंगाच्या पोराचं अपेंडिक्स बघायचं तरी हाच, हळूहळू दाबत आतड्यातला गॅस बाजूला सारत. आणि हृदयाला फेज्ड अॅरे, कारण बरगड्यांच्या फटीतनं बघायचं असतं आणि ह्याचं तोंड एवढंसं असतं.

नवीन मुलं इथं एक करतात, चित्र अंधारं आलं की लगेच गेन वाढवतात. गेन म्हणजे परत आलेल्या आवाजाला नुसतं मोठं करणं, त्यानं नवीन माहिती येत नाही, उलट सिस्टमधलं काळं पाणी पण करडं दिसायला लागतं. आधी प्रोब बरोबर आहे का बघा, मग डेप्थ (किती खोलपर्यंत बघायचं), मग फोकस (कुठल्या खोलीवर सगळ्यात स्पष्ट हवं), गेनच्या बटणाला हात शेवटी.

भिंतीवर बोर्ड दिसतोय, इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही. १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे आणि असं मशीन नोंदणीशिवाय वापरता येत नाही. हा बोर्ड मनापासनं पाळणारी माणसं ह्या खोलीत हवीत, त्यात तडजोड नकोच.

शेवटचा पेशंट गेला की जेल मऊ कपड्यानं पुसायचं, केबल ट्रॉलीच्या चाकाखाली येऊ द्यायची नाही. प्रोब एकदा पडला की आतले क्रिस्टल जाऊ शकतात, मग चित्रात वरपासनं उभी काळी रेघ येते, आणि शिकाऊ डोळ्याला ती शॅडोच वाटते. ओळखायला प्रोब सरकवून बघायचा. खड्याची शॅडो खड्याबरोबर सरकते, मेलेल्या क्रिस्टलची रेघ स्क्रीनवर आहे तिथंच राहते, आणि मग तो प्रोब रिपेअरला.